कशासाठी आणि कोणासाठी? : टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’चे पुनर्वाचन

लिओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) यांची ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. बारा प्रकरणांच्या या छोट्या पुस्तकाने जगभरच्या वाचकांना शतकाहून अधिक काळ अस्वस्थ केले आहे. प्रवचनकारांचीही ती आवडती कथा आहे. प्रवचनातून तिचा उल्लेख येतो तो बहुधा असा : एका मोठ्या सरकारी अधिकाऱ्याने आपले आयुष्य ध्येयाविना, उद्देशाविना घालवले, मरणशय्येवर त्याला पश्चात्ताप झाला, तेव्हा बंधुभगिनींनो, आपण वेळीच जागे व्हावे. हा बोध चुकीचा आहे असे कोण म्हणेल? परंतु कथा बारकाईने वाचली म्हणजे ध्यानात येते की ती नेमके हे सांगत नाही. इव्हान इल्यिच हा उद्देशहीन माणूस नव्हता. उलट, त्याच्याइतके हेतुपुरस्सर, आखीव आणि काटेकोर जगणारे पात्र साहित्यात विरळाच सापडेल. मग त्याचे आयुष्य फुकट गेले असे त्याला अखेरीस का वाटावे? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी ही कथा पुन्हा वाचावी, असे मला वाटते.

मृत्यूची बातमी आणि पत्त्यांचा डाव

टॉलस्टॉय कथेचा आरंभ तिच्या शेवटापासून करतात. न्यायालयाच्या इमारतीत, खटल्याच्या मधल्या सुटीत, काही न्यायाधीश मंडळी गप्पा मारीत बसली आहेत. त्यांतील प्योत्र इव्हानोविच वर्तमानपत्रात वाचतो की आपला सहकारी इव्हान इल्यिच गोलोविन वारला. वय अवघे पंचेचाळीस. क्षणार्धात प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब सुरू होतो : आता रिकाम्या झालेल्या जागेवर कोण येणार, त्याच्या जागी कोण सरकणार, आपल्या मेव्हण्याची बदली करून घेता येईल काय. त्यापाठोपाठ दुसरा, अधिक खोल विचार येतो : गेला तो, मी नाही.

पुढे प्योत्र इव्हानोविच मयताच्या घरी जातो. शवाजवळ नेमके काय करावे हे त्याला उमगत नाही. क्रुसाची खूण केव्हाही केली तरी चुकत नाही एवढे त्याला ठाऊक असते, म्हणून तो ती पुन्हापुन्हा करतो. विधवा त्याला बाजूच्या दालनात नेते. तिच्या काळ्या शालीची लेस मेजाच्या नक्षीत अडकते. तो ज्या बुटक्या बैठकीवर बसतो तिच्या स्प्रिंगा करकरतात. आणि अश्रू पुसता पुसता ती विचारते की नवऱ्याच्या निधनानिमित्त सरकारी खजिन्यातून अधिक रक्कम कशी पदरात पाडून घेता येईल. तिने त्याची सारी माहिती आधीच काढलेली असते. प्रार्थनाविधी आटोपल्यावर प्योत्र इव्हानोविच मित्रांकडे पोहोचतो. पत्त्यांचा पहिला डाव नुकताच संपत आलेला असतो, त्यामुळे त्याचे फारसे नुकसान होत नाही.

हा प्रसंग हास्यास्पद आहे आणि भयंकरही आहे. आपल्या धर्मग्रामांतून ज्यांनी अनेक दफनविधी पाहिले आहेत त्यांना तो अपरिचितही वाटणार नाही. दफनभूमीच्या फाटकापाशी उभे राहून जमिनीचे भाव आणि मुलांचे प्रवेश यांची चर्चा करणारे आपणच असतो. परंतु हा आरंभ केवळ उपहासासाठी आलेला नाही. या मंडळींकडे पाहून वाचक मनात म्हणतो, “किती कोरडी माणसे!” आणि दुसऱ्या प्रकरणापासून त्याला कळू लागते की जो मेला तोही हयातीत यांच्यासारखाच होता. सहकाऱ्यांपैकी दुसरा कुणी गेला असता, तर इव्हान इल्यिचही प्रार्थनाविधी आटोपून पत्त्यांच्या मेजाशी वेळेवर हजर झाला असता. निवेदनाच्या या रचनेमुळे मयत आणि त्याला पाहायला आलेले यांच्यातील भिंत नाहीशी होते. पाठोपाठ कथा आणि वाचक यांच्यातीलही.

हेतूंनी भरलेले आयुष्य

इव्हान इल्यिच एका सरकारी अधिकाऱ्याचा मधला मुलगा. थोरला भाऊ फार काटेकोर, धाकटा वाया गेलेला. हा मात्र हुशार, मनमिळाऊ, सर्वांचा लाडका. कायद्याचे शिक्षण पुरे होताच तो नवे कपडे शिवून घेतो आणि घड्याळाच्या साखळीला एक पदक अडकवतो. त्यावर लॅटिन शब्द कोरलेले असतात : ‘रेस्पिचे फिनेम’, म्हणजे अंताकडे दृष्टी ठेव. आम्हा सेमिनरीत लॅटिन शिकलेल्यांना या शब्दांपाशी थबकायला होते. लॅटिनमधील ‘फिनिस’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : शेवट आणि साध्य. जीवनाचा अंत कोणता आणि जीवनाचे साध्य कोणते, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दात दडलेले आहेत. तरुण इव्हान इल्यिच ते पदक शोभेची वस्तू म्हणून मिरवतो. पुढील सारी कथा म्हणजे त्या पदकावरील दोन शब्दांचे भाष्य आहे.

रशियात १८६४ साली न्यायव्यवस्थेत मोठ्या सुधारणा झाल्या. नव्या न्यायालयांना नवी माणसे हवी होती, आणि इव्हान इल्यिच तपासणी न्यायाधीश झाला. तो लाच घेत नाही, अधिकाराचा दुरुपयोग करीत नाही. वाटेल त्याला आरोपी म्हणून समोर उभे करण्याची शक्ती आपल्यापाशी आहे या जाणिवेचा मात्र तो आस्वाद घेतो. प्रत्येक प्रकरणातून माणूस वगळून केवळ कागद उरेल अशी मांडणी करण्यात तो निष्णात होतो. लग्नही तो विचारपूर्वक करतो : मुलगी चांगल्या घरची आहे, त्याला आवडते, आणि वरिष्ठांना हा विवाह योग्य वाटतो. संसारात कटकटी सुरू होतात तेव्हा तो त्यावरही उपाय योजतो. कामाचे कुंपण घालून तो त्याच्या आत राहू लागतो. १८८० साली बढती हुकते तेव्हा तो हातावर हात ठेवून बसत नाही. राजधानीत जाऊन पाच हजार रूबल पगाराची जागा मिळवूनच परततो.

हा उद्देशहीन माणूस म्हणायचा काय? त्याच्या प्रत्येक पावलामागे हेतू आहे. टॉलस्टॉय त्याच्या जगण्याचे वर्णन करताना एकाच धाटणीची विशेषणे पुनःपुन्हा वापरतात : सुखाचे, हलकेफुलके, रीतसर, सभ्य. या पुनरुक्तीतच कथेचे मर्म आहे. इव्हान इल्यिचने आयुष्याची दिशा ठरवली होती, परंतु ती ठरवताना त्याने वर पाहिले ते केवळ आपल्याहून वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांकडे. त्यांना जे योग्य वाटते ते योग्य. तरुणपणी केलेल्या काही कृत्यांची त्याला किळस आली होती. पण प्रतिष्ठित लोकही तेच करतात असे दिसताच ती किळस निघून गेली. विवेकबुद्धी मरते ती अशी. पुष्कळदा मोठ्या पापाचीही गरज पडत नाही.

आणि मग ते घर! नव्या घराच्या सजावटीत तो इतका रंगून जातो की न्यायालयात बसूनही पडद्यांचा विचार करतो. ते घर इतर सर्व मध्यमवर्गीय घरांसारखेच दिसते, त्याला मात्र ते एकमेव वाटते. पडदे कसे सोडायचे हे कारागिराला दाखवण्यासाठी तो शिडीवर चढतो, पाय निसटतो आणि खिडकीच्या चौकटीची मूठ कुशीत लागते. थोडे दुखते, थांबते. या क्षुल्लक आघातातून त्याचे मरण उगवते. टॉलस्टॉय येथे कोणतीही टिप्पणी करीत नाहीत. एखाद्या लढाईत नव्हे, परोपकार करताना नव्हे, माणूस पडद्यासाठी मेला, हे पुढे त्याचे त्यालाच उमगते.

वाचकहो, या प्रकरणापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. आपल्यातील अनेक कुटुंबांनी गेल्या दोन पिढ्यांत कष्टाने घरे बांधली. कुणी आखातात राबले, कुणी वाडीतल्या जमिनीचा तुकडा विकला. घर बांधणे हे पाप नाही. मुलांच्या डोक्यावर छप्पर असावे ही पवित्र इच्छा आहे. टॉलस्टॉयचा आक्षेप घराला नाही. ज्या घरात राहणाऱ्या माणसांपेक्षा पडद्यांकडे अधिक काळ पाहिले गेले, त्या घराविषयी ते बोलत आहेत. मेजपोसावर डाग पडला म्हणून या घरात इव्हान इल्यिचचा तोल जातो. त्याचा मुलगा वास्या शाळेतून किती वाजता येतो, काय वाचतो, कशाने रडतो, याविषयी पुस्तकात अवाक्षर नाही. कारण बापाला ते ठाऊकच नव्हते.

गेरासिमची सहजता

आजार बळावतो. डॉक्टर एकामागून एक येतात. सरकलेले मूत्रपिंड की आंत्रपुच्छ, यावर त्यांची चर्चा चालते. आपला आजार जिवावरचा आहे की नाही, एवढाच रोग्याचा प्रश्न असतो. डॉक्टर त्याकडे दुर्लक्ष करतो. येथे इव्हान इल्यिचला एक विलक्षण साम्य जाणवते. हा डॉक्टर माझ्याशी तसाच वागतो आहे, जसा मी आरोपींशी वागत असे! कागदातून माणूस वगळण्याची जी कला त्याने आयुष्यभर साधली, ती आता त्याच्यावर चालवली जात होती.

या काळोखात एकच खिडकी उघडी राहते. घरातील खानसाम्याच्या हाताखाली काम करणारा गेरासिम हा तरुण शेतकरी नोकर मालकाचे मलपात्र उचलून नेतो. मालकाला लाज वाटते, तो क्षमा मागतो. गेरासिमला त्यात विशेष काही वाटत नाही. माणूस आजारी आहे, तेव्हा हे करायचेच. पुढे मालकाचे पाय उंच धरले की वेदना कमी होतात असे आढळते, आणि गेरासिम रात्ररात्र ते पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो. आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट का घेऊ नयेत, असे तो सरळ बोलून दाखवतो. आपली वेळ येईल तेव्हा आपल्यासाठीही कुणी हे करील, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

गेरासिमपाशी जीवनाचे तत्त्वज्ञान नाही, योजना नाही, पदक नाही. तरीही या कथेत तोच एकटा हेतूने जगतो. इव्हान इल्यिचला प्रत्येक कृतीने काय मिळेल हे ठाऊक होते. गेरासिमला ती कृती कोणासाठी आहे हे ठाऊक आहे. ‘उद्देशपूर्ण जीवन’ या विषयावर आज पुस्तकांचा आणि शिबिरांचा सुकाळ आहे. उद्दिष्टे लिहून काढा, दिवसाची आखणी करा, पाच वर्षांनी कोठे असाल ते ठरवा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. इव्हान इल्यिच त्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला असता. टॉलस्टॉयने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले की आखणी आणि प्रयोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कितीही वाढली तरी तिच्यातून दुसरी आपोआप निपजत नाही.

खोटेपणाचे सांत्वन

इव्हान इल्यिचला शरीराच्या वेदनेहून जास्त छळते ते घरातील खोटे. तो मरतो आहे हे सर्वांना माहीत आहे. तरीही सर्वजण असे वागतात की तो केवळ आजारी आहे, औषध घेतले, पथ्य पाळले की बरा होईल. पत्नी प्रास्कोव्या फ्योदोरोव्ना, मुलगी लिझा, तिचा वाग्दत्त वर, सगळे नाटकाला जाण्यापूर्वी सजून त्याच्या खोलीत येतात, चार शब्द बोलतात, निघून जातात. त्याला वाटते, कुणी तरी आपल्याला लहान मुलासारखे जवळ घ्यावे, आपल्यासाठी रडावे. पण तोही त्या खोटेपणाचा भागीदार असल्यामुळे हे मागू शकत नाही. केवळ गेरासिम खोटे बोलत नाही.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मी मानतो. आजही कर्करोगाचे निदान झाले की घरातली मंडळी डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, “फादर आले तरी त्यांनाही सांगा, पप्पांना काही कळू देऊ नका.” धर्मगुरू घरी येतो तो आजाऱ्यांच्या अभिषेकाचे तेल खिशात लपवून, कारण तेल दिसले की आजाऱ्याला कळेल अशी भीती असते. हे सारे प्रेमापोटी घडते, आणि येथे टॉलस्टॉयशी माझा थोडा मतभेद आहे. गोलोविन कुटुंबातील असत्य त्यांनी शिष्टाचारातून जन्मलेले दाखवले आहे. मरण ही जणू एखाद्या पाहुण्याने दिवाणखान्यात केलेली असभ्य गोष्ट. आपल्या घरातील असत्य बहुतेक वेळा भयातून आणि मायेतून जन्मते. दोहोंना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

परंतु परिणामापुरते पाहिले तर टॉलस्टॉय बरोबर आहेत. ज्याला सत्य सांगितले जात नाही, तो आपल्या माणसांत राहून एकटा पडतो. त्याहून मोठी हानी अशी की त्याची अखेरची हेतुपूर्ण कृत्ये आपण हिरावून घेतो. भावाशी वीस वर्षे अबोला असेल तर त्याला बोलावून घेणे, सुनेची क्षमा मागणे, नातवाच्या डोक्यावर हात ठेवणे, कुणाचे देणे फेडणे, कबुलीजबाब देणे, या गोष्टी तोच करू शकतो ज्याला आपल्या हाती किती वेळ आहे हे माहीत आहे. अर्थात सत्य कठोरपणे, एका दमात सांगायचे नसते. आजारी माणूस जेवढे विचारील तेवढे, तो विचारील तेव्हा, त्याचा हात हातात घेऊन सांगायचे असते. गेरासिमनेही भाषण केले नाही. तो फक्त खोटे बोलला नाही, आणि पाय धरून बसला.

धर्मगुरू येतो तेव्हा

अकराव्या प्रकरणात धर्मगुरूचा प्रवेश होतो. पत्नीच्या आग्रहावरून इव्हान इल्यिच कबुलीजबाब देतो. त्याचे मन हळुवार होते, शंका काही क्षण निवळतात, आणि तो डोळ्यांत अश्रू आणून ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो. त्याला हलके वाटते. लगेच पत्नी विचारते, बरे वाटते ना? तो होय म्हणतो. आणि तिच्या पोशाखातून, आवाजातून, चेहऱ्यातून त्याला पुन्हा तेच जुने खोटे दिसते. तो किंचाळतो, सर्वांना बाहेर घालवतो. पुढचे तीन दिवस त्याची किंकाळी थांबत नाही.

धर्मगुरू या नात्याने हे पान वाचताना मन खिन्न होते. टॉलस्टॉय या सुमारास चर्चच्या विधींपासून दूर गेले होते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या सिनडने १९०१ साली त्यांना चर्चबाह्य ठरवले. तेव्हा काही समीक्षक असे म्हणतात की संस्काराची निष्फळता दाखवण्यासाठीच हे दृश्य रचले आहे. तसा लेखकाचा हेतू असेलही. परंतु कलावंत टॉलस्टॉय हे विचारवंत टॉलस्टॉयपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत. त्यांनी ते अश्रू पुसून टाकलेले नाहीत. आलेला दिलासा खरा होता असेच ते लिहितात. मग तो टिकला का नाही? संहितेत याचे उत्तर स्पष्ट आहे. ख्रिस्तप्रसाद घेतल्याबरोबर इव्हान इल्यिचच्या मनात येते ती शस्त्रक्रियेची आशा, बरे होण्याची, पूर्वीसारखे जगण्याची इच्छा. त्याने संस्कारालाही एक औषध केले, आपल्या रीतसर आयुष्यात परत नेणारे आणखी एक साधन. ज्या नियमाने त्याने लग्न, नोकरी आणि घर वापरले, त्याच नियमाने त्याने वेदीवरील दान वापरू पाहिले.

संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्याच्या आरंभीच जे मूलतत्त्व मांडले आहे त्याचा आशय असा की मनुष्य ईश्वरासाठी निर्माण झाला आहे, आणि इतर सर्व वस्तू त्या साध्याकडे जाण्यासाठी जितक्या उपयोगी पडतील तितक्याच वापरायच्या. त्याच ग्रंथात महत्त्वाचा निर्णय घेताना आपण मरणशय्येवर आहोत अशी कल्पना करण्याची सूचना आहे : त्या क्षणी आपण काय निवडले असते तर समाधान वाटले असते? म्हणजे इव्हान इल्यिचच्या पदकावरचे शब्द येथे साधनेचे रूप घेतात. फरक एवढाच की इग्नाती ही कल्पना धडधाकट माणसाला करायला सांगतात, आणि इव्हान इल्यिचवर ती वेळ प्रत्यक्षात कोसळते. त्याने साध्य आणि साधने यांची अदलाबदल केली होती. म्हणून अखेरीस ईश्वरही त्याच्या हिशेबात साधन म्हणूनच आला.

काही मर्यादा

या कथेची थोरवी मान्य करूनही काही गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे प्रास्कोव्या फ्योदोरोव्नाला लेखकाने न्याय दिलेला नाही. तिची काही मुले दगावली, हे टॉलस्टॉय जाता जाता एखाद्या वाक्यात सांगून मोकळे होतात. मुले पुरलेल्या आईचे चिडचिडेपण हे केवळ ‘कटकट’ असते काय? नवरा कामाच्या कुंपणात शिरून बसला तेव्हा ती कोणत्या कुंपणात गेली? कथा सांगत नाही. आपण तिच्याकडे सतत इव्हान इल्यिचच्या नजरेने पाहतो, आणि ती नजर निर्मळ नव्हती हे तर कथेनेच सिद्ध केले आहे.

दुसरी मर्यादा गेरासिमची. तो इतका निरोगी, इतका सदा प्रसन्न आहे की माणसापेक्षा आदर्शच अधिक वाटतो. शेतकऱ्यांविषयी टॉलस्टॉयना वाटणारी ओढ येथे कलेवर थोडी मात करते. ज्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या सासूची दहा-दहा वर्षे सेवा झाली आहे तेथील सुनांना विचारावे. सेवेत कंटाळा असतो, राग असतो, रडू असते, आणि तरीही सकाळी उठून तेच करायचे असते. त्या सेवेचे मोल गेरासिमच्या सेवेपेक्षा अधिकच मानावे लागेल.

तिसरा मुद्दा तुलनेचा. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी या कथेपासून प्रेरणा घेऊन १९५२ साली ‘इकिरू’ हा चित्रपट निर्माण केला. त्यातील म्हाताऱ्या सरकारी अधिकाऱ्याला जठराच्या कर्करोगाचे कळते; तो आधी चैनीत, मग एका तरुण मुलीच्या सहवासात जीवनाचा अर्थ शोधतो, आणि शेवटी लाल फितीशी झगडून एका गरीब वस्तीत मुलांसाठी बाग उभारतो. कुरोसावांच्या नायकाला काही महिने मिळाले, एक काम मिळाले. टॉलस्टॉय आपल्या नायकाला यांपैकी काहीच देत नाहीत. अनेकांना ‘इकिरू’चा शेवट अधिक आशादायक वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु ज्याला अंथरुणावरून उठताही येत नाही, ज्याच्या हातून आता बाग होणार नाही, त्याचे काय? त्याचे उत्तर टॉलस्टॉयनेच दिले आहे.

अखेरची घटका

तीन दिवस इव्हान इल्यिच एका काळ्या पिशवीत कोंबला जात असल्यासारखा तडफडतो. आत जाता येत नाही, बाहेर येता येत नाही. त्याला अडवून धरते ती एकच गोष्ट : आपले आयुष्य चांगले होते, हे स्वतःचे समर्थन. ते सुटते, आणि पलीकडे प्रकाश दिसतो. त्याच वेळी हवेत फिरणारा त्याचा हात मुलाच्या डोक्यावर पडतो. वास्या तो हात ओठांशी नेतो आणि रडू लागतो. इव्हान इल्यिच डोळे उघडतो, मुलाला पाहतो, पत्नीला पाहतो. तिच्या गालांवरचे अश्रू पुसायचे राहून गेले आहेत. त्याला दोघांची दया येते. त्याला ‘क्षमा कर’ म्हणायचे आहे. रशियन भाषेत तो शब्द ‘प्रोस्ती’. त्याच्या तोंडून निघते ‘प्रोपुस्ती’, म्हणजे ‘जाऊ दे, वाट दे’. चूक दुरुस्त करण्याचे त्राण त्याला उरलेले नसते. ज्याला समजायला हवे त्याला समजेल, या भरवशावर तो हात हलवून तो प्रयत्न सोडून देतो. आणि भय नाहीसे होते.

येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. कित्येक दिवस तो स्वतःला विचारीत होता, “माझे आयुष्य योग्य होते की नाही?” या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हते, कारण प्रश्न पुन्हा स्वतःभोवतीच फिरत होता. त्याची नजर मुलाकडे वळते तेव्हा प्रश्नाचे रूप बदलते : यांना माझ्यामुळे त्रास होतो आहे, तो थांबवला पाहिजे. पंचेचाळीस वर्षांत प्रथमच त्याच्या मनात असा हेतू उगवतो ज्यात त्याचा स्वतःचा काहीही लाभ नाही. कृती म्हटली तर केवळ एक चुकीचा उच्चारलेला शब्द. पण त्या शब्दात धर्मगुरूपुढे अपुरा राहिलेला कबुलीजबाब पुरा झाला, असे मला वाटते. शुभवर्तमानातील उजव्या हाताच्या चोरालाही याहून अधिक वेळ मिळाला नव्हता.

या कथेचा नायक सर्वस्वी काल्पनिक नव्हता. तुला शहराच्या न्यायालयातील इव्हान इल्यिच मेचनिकोव नावाचा एक अधिकारी १८८१ साली वारला. पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ मेचनिकोव यांचा तो भाऊ. त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत ऐकून टॉलस्टॉयना ही कथा सुचली. तो मरताना काय म्हणाला याला साहित्यात आता महत्त्व उरलेले नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्याचे मरण जगभरच्या घरांतून वाचले जाते, एवढे खरे.

तेव्हा ही कथा प्रवचनात सांगताना एवढे पथ्य पाळावे : ‘उद्देश ठेवून जगा’ एवढ्यावर थांबू नये. उद्देश चोरापाशीही असतो आणि सावकारापाशीही. आपल्या दिवसातील किती कामे आपण कोणा माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून करतो, हे विचारावे. सकाळचा डबा, शाळेतला तास, दवाखान्यातील पाळी, मळ्यातील पाणी, वेदीवरची मिस्सा, यांतले काहीही आपोआप हेतुपूर्ण होत नाही आणि काहीही मुळात क्षुल्लक नाही. आमच्या मिस्साही रीतसर, वेळेवर आणि माणसाविना पार पडू शकतात, हे आम्ही धर्मगुरूंनी ध्यानात ठेवणे बरे.

ज्यांच्या घरी आज कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मजकूर थोडा आहे. दोन संध्याकाळी पुरतात. वाचून झाल्यावर त्या खोलीत जावे, दिवा मोठा करू नये, औषधाची वेळ विचारू नये, आणि थोडा वेळ पायांशी बसावे.